गोठून तडकलेला इंजिन ब्लॉक : जुन्या लष्करी ट्रकच्या नव्या मालकांसाठी

हे सगळं मी ज्या ट्रकवर शिकलो तो १९४३ सालचा जीएमसी सीसीकेडब्ल्यू. अडीच टनी, सहाही चाकांना ताकद मिळणारा. मिशिगनमधल्या एका शेतावरच्या कोठारात तो कित्येक वर्षं उभा होता. विकणाऱ्या आजोबांनी सांगितलं, "पाणी काढून ठेवलंय." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी रेडिएटरची तोटी उघडली होती आणि पाणी वाहून गेलं होतं. ब्लॉकची तोटीही उघडली होती, पण तिच्या तोंडाशी गंज आणि गाळ घट्ट बसलेला. चार थेंब आले आणि थांबले. त्यांना वाटलं, संपलं पाणी. आत तांब्या-दोन तांबे पाणी राहिलं असेल. मिशिगनच्या हिवाळ्याला तेवढं पुरतं.

घरी आणून पाणी भरलं तेव्हा पाच मिनिटांत इंजिनाच्या बाजूच्या भिंतीवर, रंगाच्या थराखालून, घाम फुटावा तसे थेंब आले. रंग खरवडला तर केसाएवढी काळी रेघ, जवळजवळ वीतभर लांब, ब्लॉकच्या लांबीला समांतर. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागत नव्हतं, पण नख अडकत होतं.

अशी रेघ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण जीएमसीच्या २७० इंजिनाचं आहे, कारण ते मी स्वतः खोललं आणि जोडलं. डॉजचा पाऊण टनी ट्रक असो की विलीजची जीप, रीत तीच. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनात पक्की करा: तडा बुजवणं हे या कामातलं सोपं अंग आहे, सगळे तडे शोधणं हे अवघड. पहिली भेग दिसली की तिच्यावर तुटून पडणाऱ्यांना दुसरी भेग सापडते ती इंजिन गाडीत परत बसवल्यावर.

आधी बीड ओळखा

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लहानसं वर्कशॉप होतं, आणि शिरोलीच्या फौंड्रीतून आलेलं ओतकाम हाताळतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे ब्लॉक कशाचा असतो हे मला शिकवावं लागलं नाही: बिडाचा. आपल्या घरातला घावनांचा तवा असतो ना, तेच बीड. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतू नको, असं आजी का ओरडायची ते आठवा. बीड दाबाला भक्कम असतं, पण ताणाला कच्चं. दाब ते ताणाच्या तिप्पट-चौपट सोसतं. त्यात अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरलेला असतो. ताण आला की हे पापुद्रे म्हणजे आधीच पडलेल्या बारीक चिरा. पोलाद वाकतं, बीड वाकत नाही, तडकतं.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. मोकळ्या बादलीत बर्फ वर सरकतो, काही बिघडत नाही. पण ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती जी पाण्याची पोकळी असते, जिला वॉटर जॅकेट म्हणतात, तिथे बर्फाला वर सरकायला वाट नसते. पूर्ण कोंडलेलं पाणी उणे २२ अंशांना सुमारे दोन हजार वातावरणांइतका दाब देऊ शकतं. भिंत तिथे साधारण पाच-सहा मिलिमीटरची. पुढे काय होणार ते सांगायला नको.

आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले तरी वर्तमानपत्रात फोटो येतो. म्हणून महाराष्ट्रातल्या चांगल्या चांगल्या मेकॅनिकनाही हा बिघाड बघायला मिळत नाही. लेह किंवा द्रासला नोकरी केलेल्या जवानांना विचारा, ते सांगतील.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात. इथे अमेरिकेत त्यांना सर्रास 'फ्रीज प्लग' म्हणतात, आणि पाणी गोठलं तर त्या उडून ब्लॉक वाचवतात असं सांगतात. त्या त्यासाठी नाहीतच. ब्लॉक ओतताना आतली पोकळी वाळूच्या कोअरने तयार करतात. रस थंड झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि त्या भोकांची झाकणं म्हणजे या टोप्या. खरं नाव कोअर प्लग. कधी त्या उडतात आणि नशिबाने ब्लॉक वाचतो. बहुतेक वेळा टोपी जागच्या जागी राहते आणि भिंत फुटते. कधी दोन्ही होतं. म्हणजे टोपी बाहेर आलेली दिसली तर सुटलो असं समजू नका, उलट शंका वाढवा.

पहिली पायरी: किल्ली फिरवू नका

ट्रक नुकताच आणलाय, हात शिवशिवतायत, सगळं समजतं. तरीही स्टार्टर मारू नका. तडा आतल्या बाजूला असेल तर पाणी दोन ठिकाणी जातं: सिलिंडरमध्ये किंवा चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या, ऑइलमध्ये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन पाण्याला दाबायला जातो. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तडा एक होता, आता कामं दोन झाली.

सगळे स्पार्क प्लग काढा. हँडल लावून हाताने, हळू, पूर्ण दोन फेरे फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर कोणत्या सिलिंडरमधून, ते लिहून ठेवा. मग डिपस्टिक ओढा. ऑइल दुधाळ, फेटलेल्या लोण्यासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ऑइल स्वच्छ दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. गाडी बराच काळ उभी असेल तर पाणी खाली बसतं आणि ऑइल वर राहतं. चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी थोडा, पाव आटा, सैल करा आणि खाली काचेची बरणी धरा. पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच बाहेर येईल.

माझ्या बरणीत निव्वळ काळं ऑइल आलं. त्या दिवशी मला खूप हलकं वाटलं. तसं वाटायला हरकत नाही, पण शोध तिथे थांबवू नका.

दुसरी पायरी: शोध

इथे घाई करू नका. मी या पायरीवर तीन शनिवार-रविवार घालवले, आणि आज तेच या कामातले सर्वांत चांगले गेलेले दिवस वाटतात.

रंग आणि ग्रीस काढताना एक काळजी घ्या. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. कोरडं घासून धूळ उडवू नका. केमिकलने रंग सोडवा, ओलं करून खरवडा, चांगला मास्क लावा. ज्या ठिकाणी तडा दिसतोय तिथे तारेचा ब्रश ग्राइंडरला लावून फिरवू नका. ब्रशने बीड चोपडलं जातं आणि बारीक भेगेचं तोंड बंद होतं. भेग तिथेच असते, तुम्हाला दिसत नाही एवढंच.

आता वडिलांची रीत: रॉकेल आणि खडू. स्वच्छ, कोरड्या भिंतीवर रॉकेल भरपूर लावा, अर्धा तास मुरू द्या, मग फडक्याने पूर्ण कोरडं पुसा. पांढऱ्या खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात फिरवा. स्पिरिट उडालं की पांढरा थर राहतो. थोड्या वेळात भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. माझी वीतभर भेग खडूवर सव्वा वीत निघाली. डोळ्यांना जिथे ती संपल्यासारखी वाटत होती तिथून पुढे ती बोल्टच्या उंचवट्याला वळसा घालून गेली होती.

याच तत्त्वावरचा तयार संच बाजारात मिळतो: एक क्लीनर, एक लाल रंगाचं पेनेट्रंट, एक पांढरा डेव्हलपर. भेग लाल रेघेसारखी उठून दिसते. तो घ्या, महाग नाही. पण खडूची रीतही येत असू द्या. ब्लॉक उघडा असेल तर मशिन शॉपमध्ये चुंबकीय कण लावून तपासून घ्या. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची बारीक पूड भेगेच्या कडेला गोळा होते. बीड चुंबकाला धरतं म्हणून ही तपासणी इथे चालते. ॲल्युमिनियमच्या इंजिनाला ती लागू नाही.

कुठे बघायचं? बर्फ भिंतीला बाहेर दाबतो आणि ती मधोमध फुगते, म्हणून सर्वांत जास्त आढळणारा तडा म्हणजे जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीवरची आडवी रेघ. ती सापडली की बाकीच्या जागा संपवा: बाजूचं झाकण काढून पुशरॉडच्या कप्प्याची आतली भिंत, प्रत्येक सिलिंडरची आतली बाजू, हेडच्या बोल्टभोवतीचा सपाट भाग, मग हेड (सिलिंडरांवरचं बिडाचं झाकण), वॉटर पंपाचं कवच आणि रेडिएटरची खालची टाकी. डॉज आणि जीपच्या इंजिनात व्हॉल्व ब्लॉकमध्येच बसतात, त्यामुळे तिथे व्हॉल्वच्या दोन सीटांमधली जागा हटकून बघा. चेंबर काढून खालून टॉर्चने क्रँकच्या बेअरिंगचे आधारही बघून घ्या.

शेवटी दाबाची तपासणी. हेड नव्या पॅकिंगसह बसवा आणि योग्य ताणाने आवळा, कारण पाण्याच्या वाटा ब्लॉकमधून हेडमध्ये जातात आणि हेडशिवाय वरची तोंडं उघडी राहतात. थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि हीटरची तोंडं जाड पट्टी आणि रबराने बंद करा. एका पट्टीत हवेची निपल बसवा. रेग्युलेटर लावून सावकाश १५ पीएसआयपर्यंत, म्हणजे साधारण एक बारपर्यंत हवा भरा. त्याहून जास्त नको, आणि कोअर प्लगच्या समोर तोंड धरून उभे राहू नका. साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडा आला की खडूने खूण करा.

हीच तपासणी ब्लॉकमध्ये कडक गरम पाणी भरूनही करा. लोखंड तापलं की प्रसरण पावतं आणि थंडपणी मिटलेल्या भेगा उघडतात. माझी दुसरी भेग, वॉटर पंपाच्या तोंडाजवळची बोटभर लांबीची, गरम पाण्यानेच दाखवली. थंड तपासणीत ती पूर्ण गप्प होती.

तिसरी पायरी: ठेवायचा की बदलायचा

माझं मत सरळ सांगतो. बाहेरच्या भिंतीवरचा तडा, कितीही लांब असला तरी, दुरुस्त करा. सिलिंडरमध्ये उतरलेला तडा असेल तर त्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवून ब्लॉक वाचतो, पण ते अनुभवी मशिन शॉपचं काम. क्रँकच्या बेअरिंगचा आधार तडकला असेल तर दुसरा ब्लॉक शोधा. त्या जागेवर इंजिनाचं सगळं बळ येतं.

सीसीकेडब्ल्यूवाल्यांना दुसरा ब्लॉक शोधणं तुलनेने सोपं आहे. १९४१ ते १९४५ मध्ये हे ट्रक पाच लाखांहून अधिक बनले, डक नावाच्या उभयचर गाडीतही हेच २७० इंजिन होतं, आणि युद्धानंतर जीएमसीच्या नागरी ट्रकांतही ते चाललं. काहीजण १९५० च्या दशकातल्या लष्करी ट्रकचं ३०२ इंजिन बसवतात. ते थोरलं भावंडच आहे.

तरीही स्वतःचा ब्लॉक वाचत असेल तर वाचवा असंच मी म्हणेन. माझा ट्रक बनला तो पाँटिॲकला, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. १९४४ मध्ये २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये रेड बॉल एक्सप्रेस चालली. आघाडीवर पेट्रोल आणि दारूगोळा पोचवणारी ती ट्रकांची अखंड रांग होती, आणि तिचे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक होते. त्या रांगेतला मुख्य ट्रक हाच. आपल्या ईशान्येला लेडोपासून बर्मामार्गे चीनकडे काढलेल्या रस्त्यावरही अडीच टनी ट्रक धावले. माझा ट्रक यातल्या कुठे होता की अमेरिकेबाहेर गेलाच नव्हता, त्याची नोंद माझ्याजवळ नाही. पण ब्लॉकवर ओतताना उमटलेले आकडे आहेत, आणि ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

"बीड कुठे दुरुस्त होतं का?" असं म्हणणारा कोणीतरी तुम्हाला भेटेलच. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा इथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी इंजिनांचे बिडाचे प्रचंड सिलिंडर फोडून ठेवले होते. दुरुस्ती अशक्य आहे अशी त्यांची खात्री होती. अमेरिकी नौदलाने वेल्डिंग करून आणि धातूची ठिगळं लावून ती इंजिनं काही महिन्यांत चालू केली, आणि त्याच जहाजांतून सैनिक युरोपला गेले.

चौथी पायरी: शिवण

बाहेरच्या भिंतीला मी निवडलेली रीत म्हणजे थंड शिवण. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये तिला मेटल लॉकिंग म्हणतात. उष्णता अजिबात नाही, हाच तिचा मोठा गुण. ही कला वाढली ती गेल्या शतकात टेक्सासच्या तेलक्षेत्रांत, जिथे ठिणगी उडवून चालत नव्हतं.

कल्पना साधी. भेगेच्या संपूर्ण लांबीवर एकाला एक लागून आट्यांच्या पिना बसवायच्या, इतक्या जवळ की प्रत्येक पीन शेजारच्या पिनेत थोडी घुसेल. शेवटी भेग उरतच नाही. तिच्या जागी पिनांची साखळी उरते.

साधे बोल्ट कापून वापरू नका. त्यांचे आटे तिरके असतात आणि आवळले की भोकाच्या भिंतीला बाहेर ढकलतात, म्हणजे भेग रुंदावते. शिवणीच्या खास पिनांचे आटे आकड्यासारखे कापलेले असतात, ते दोन्ही काठ आत ओढतात. या पिना, त्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि ड्रिल असा जुळणारा संच मिळतो, तोच घ्या.

आता हात चालवू. सहा मिलिमीटरच्या पिना धरून सांगतो.

भेगेची दोन्ही टोकं खडूने पुन्हा पक्की करा आणि टोकाच्या पुढे चार-पाच मिलिमीटर चांगल्या धातूत पहिला सेंटर पंच मारा. तिथून भेगेवर दर नऊ ते दहा मिलिमीटरवर खूण करत जा. पंच हलक्या हाताने, बीड आहे.

पहिलं भोक पाडताना ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. भिंत संपली की पुढे पाण्याची पोकळी आणि तिच्या पलीकडे सिलिंडरची भिंत असते. झटक्यात ड्रिल आत गेलं आणि ती टोचली गेली तर अनर्थ. पहिल्या भोकातून टोक वाकवलेली तार घालून भिंतीची जाडी मोजा, आणि त्यावरून पुढच्या भोकांची खोली ठरवा. बीड कोरडंच कापतं, तेल लागत नाही. चुरा काळ्या पिठासारखा पडतो. ड्रिल सरळ धरणं हे या कामातलं खरं कसब आहे. मी आधी भंगारातल्या फुटक्या हेडवर वीस भोकं पाडून हात बसवला, आणि तुम्हीही तसंच करा.

टॅपला ग्रीस फासा म्हणजे चुरा त्याला चिकटून बाहेर येतो, जॅकेटमध्ये पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. आटे पडले की भोक आणि पीन ॲसिटोनने धुऊन कोरडी करा, पिनेला आट्यांचं सीलंट लावा आणि आवळा. बहुतेक खास पिनांचं डोकं ठरावीक जोराला आपोआप तुटतं. तो 'टक' असा आवाज दोन-चार पिनांनंतर ओळखीचा होतो. उरलेला कोंब दीड-दोन मिलिमीटर ठेवून कानशीने उतरवा.

एक ओळ झाली की मधल्या जागा. दोन पिनांच्या बरोबर मध्ये पंच मारा आणि भोक पाडा. हे भोक दोन्ही बाजूंच्या पिनांचा एकेक मिलिमीटर खाईल. पिनेचा धातू आणि बीड यांचा कडकपणा वेगळा असल्यामुळे ड्रिल मऊ बाजूला सरकू बघतं, म्हणून वेग कमी आणि दाब सावकाश. आटे पाडा, धुवा, पीन बसवा. अशी साखळी पूर्ण होते.

माझ्या सव्वा वीत भेगेला साठ पिना लागल्या. दिवसाला पंधरा, त्याहून जास्त नाही, कारण पंधराव्या पिनेनंतर मनगट थरथरायला लागायचं.

भेग लांब असेल किंवा काठ हलत असतील तर काही ठिकाणी भेगेला आडवे लॉक बसवतात. एकाला एक लागून पाडलेल्या भोकांच्या ओळीसारखी खाच पाडून तिच्यात तशाच आकाराची पट्टी ठोकायची. बटण लावल्यासारखे दोन्ही काठ धरले जातात. नवख्याने पहिल्याच खेपेला हे करू नये. लॉक लागणार असतील तर ब्लॉक मेटल लॉकिंगवाल्याकडे द्या.

शेवटी बोथट छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन पिनांची डोकी एकमेकांत ठोकून बसवा, मग ग्राइंडरने सपाट करा. रंग दिल्यावर माझी शिवण आता दिसत नाही. पण बोट फिरवलं की मला अजून समजतं, कुठून कुठे गेली होती ती.

बाकीच्या रीती, थोडक्यात

वेल्डिंगबद्दल नवख्याला माझा सल्ला: स्वतः करू नका. बीड एका जागी तापवून पटकन गार झालं की वेल्डच्या कडेचा भाग काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, आणि थंड होताना ताणाने शेजारीच नवा तडा जातो. जाणकार माणूस निकेलच्या रॉडने एकेक इंचाचे तुकडे भरतो, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीने चेपतो आणि हात लावता येईल एवढं गार होईपर्यंत थांबतो. दुसरी वाट म्हणजे अख्खा ब्लॉक भट्टीत लालसर तापवून बिडाच्याच रॉडने वेल्ड करणं आणि नंतर सावकाश निववणं. काम उत्तम होतं, पण सिलिंडर आणि बेअरिंगच्या जागा पुन्हा मशिनवर घ्याव्या लागतात. गॅसने पितळ भरणं या दोन्हींच्या मधलं. बीड वितळत नाही, फक्त तापतं. जुन्या ट्रॅक्टरांवर ते सर्रास दिसतं.

भिंतीचा तुकडाच निखळला असेल तर पोलादी पट्टीचं ठिगळ लावतात, खाली पॅकिंग आणि कडेने दर इंचाला स्क्रू. दिसायला राकट, पण वर्षानुवर्षं टिकतं.

धातूमिश्रित इपॉक्सीची जागा आहे, फक्त ती ओळखा. दाब कमी आणि भिंत बाहेरची असेल तिथे, बोटभर भेगेला ती चालते. भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडून भेग थांबवा, मग व्ही आकाराची खाच करा, ॲसिटोनने दोनदा पुसा, ब्लॉक कोमट करा आणि मग भरा. वॉटर पंपाजवळची माझी दुसरी भेग मी अशीच भरली. ज्या इपॉक्सीखाली तेलाचा अंश राहिला ती सुटणारच.

रेडिएटरमध्ये ओतायची 'भेगा बुजवणारी' बाटली मात्र दुरुस्तीच्या आधी कधीच ओतू नका. ती भेगेत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिकटते, आणि नंतर पीन, वेल्ड, इपॉक्सी यातलं काहीच नीट धरत नाही.

पाचवी पायरी: जोडणी आणि पहिला धूर

कोअर प्लग सगळे नवे बसवा. त्याआधी, टोप्या काढलेल्या असताना, भोकांतून बोट आणि वाकवलेली तार घालून जॅकेटच्या तळाचा गाळ काढा. मागच्या सिलिंडरभोवती तो सर्वांत जास्त असतो. माझ्या ब्लॉकमधून अर्धी बादली लाल चिखल निघाला, आणि त्यात ओतकामाच्या वाळूचे कणही होते. ऐंशी वर्षांपूर्वी पाँटिॲकच्या माणसांनी भरलेली ती वाळू मी बरणीत ठेवली आहे.

दाबाची तपासणी पुन्हा, थंड आणि गरम दोन्ही. मग इंजिन बसवा. पहिले दोन-तीन वेळा इंजिन तापवून पूर्ण थंड होऊ द्या, दर वेळी खडू लावलेल्या शिवणीवर नजर फिरवा आणि डिपस्टिक बघा. तापलेल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतायचं नाही. आजीचा तवा आठवा.

सहावी पायरी: पुढच्या हिवाळ्याआधी

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. एथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही, कारण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. पाणी डिस्टिल्ड घ्या. कूलंट तांबे-पितळेच्या आणि डाखाच्या सांध्यांच्या रेडिएटरला चालणारं आहे ना, ते डब्यावर वाचा. ऑक्टोबरात रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून गोठणबिंदू बघा. जुनं कूलंट उघड्यावर सांडू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

ट्रक कोरडा ठेवणार असाल तर सपाट जागी उभा करा. नाक वर किंवा खाली असेल तर एका कोपऱ्यात पाणी साचून राहतं. रेडिएटरचं झाकण काढा, रेडिएटरची आणि ब्लॉकची अशा दोन्ही तोट्या उघडा, हीटर असेल तर त्याची नळीही सोडा. खाली मापाची बादली ठेवा आणि जेवढं भरलं होतं तेवढंच बाहेर आलं का ते मोजा. धार थांबली की लगेच विश्वास ठेवू नका. तोटीच्या भोकात तार घाला, आत-बाहेर करा. बऱ्याचदा गाळाची गुठळी सुटते आणि पुन्हा धार लागते. मी तर ब्लॉकची तोटीच पूर्ण काढून हिवाळाभर स्टिअरिंगला दोरीने बांधून ठेवतो, शेजारी पुठ्ठ्यावर तारीख आणि बादलीत मोजलेलं माप. वसंतात कोणी पाणी भरायला आलं, तर आधी त्याच्या हाताला ती तोटी लागते.